फोटोतला प्रकाश आणि फोटोतला निर्णय

मोबाईलचा कॅमेरा इतका सुधारलेला असताना वेगळा कॅमेरा विकत घेण्याची गरज उरली आहे काय, हा प्रश्न आज नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावातही लग्नसराईच्या तोंडावर हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यांत शोधले जाते. हा शोध चुकीच्या जागी चाललेला असतो. ५० मेगापिक्सेलचा मोबाईल आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा शेजारी ठेवले तर पहिला दुप्पट चांगला ठरत नाही, कारण मेगापिक्सेल हा आकडा चित्र किती ठिपक्यांत विभागले आहे एवढेच सांगतो. त्या ठिपक्यांपर्यंत प्रकाश किती पोचला आणि त्या प्रकाशाचे पुढे काय करायचे हे कोणी ठरवले, या दोन गोष्टींविषयी तो काहीच सांगत नाही. मोबाईल आणि स्वतंत्र कॅमेरा यांच्यातला खरा फरक मात्र या दोन गोष्टींतच आहे.

आधी प्रकाशाचा विचार करावा लागतो. भिंगाच्या मागे प्रकाश टिपणारी सिलिकॉनची जी आयताकृती पाटी असते तिला सेन्सर म्हणतात. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातील फिल्मची एक चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे, आणि आजच्या ज्या कॅमेऱ्यांना ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्यांचा सेन्सर नेमका तेवढाच, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. चांगल्या महागड्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारणपणे ९.८ बाय ७.३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७२ चौरस मिलिमीटर भरतो, आणि स्वस्त मोबाईलमध्ये तो याहून कितीतरी लहान असतो. जाहिरातीत त्याचे माप ‘१/१.३ इंच’ असे लिहिलेले असले तरी ती पद्धत जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेली आहे. त्या सेन्सरचा प्रत्यक्ष कर्ण १२ मिलिमीटरच्या आसपासच भरतो. याचा अर्थ असा की भिंगाचे छिद्र त्याच एफ-आकड्याचे (हा आकडा जितका लहान तितके छिद्र रुंद) असेल आणि शटर तेवढाच वेळ उघडे असेल, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात चित्रासाठी जमा होणारा एकूण प्रकाश मोबाईलच्या सुमारे बारा पट असतो.

उन्हात या फरकाने फारसे बिघडत नाही, पण अंधार पडू लागला की तो उघडा पडतो, आणि त्याचे कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश सूक्ष्म कणांच्या रूपाने येतो आणि हे कण एका ठरावीक लयीत येत नाहीत. रिमझिम पाऊस सुरू होताच अंगणात मांडलेल्या सारख्या आकाराच्या वाट्यांपैकी एखादीत तीन थेंब पडतात तर दुसरीत सात, मात्र पाऊस तासभर झोडपून गेला की सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरलेल्या दिसतात. सेन्सरवरच्या ठिपक्यांचेही तसेच होते. कमी उजेडात शेजारशेजारच्या ठिपक्यांना असमान प्रकाश मिळतो आणि एकसारख्या रंगाच्या भिंतीवरही चित्रात रवाळ खळबळ दिसू लागते. छायाचित्रकार तिला नॉइज म्हणतात. हा कुठल्या कंपनीच्या कारागिरीचा दोष नसून भौतिकशास्त्राचा नियम आहे, आणि प्रकाश अधिक गोळा करणे हाच त्यावरचा मूळ उपाय आहे.

हा उपाय छायाचित्रणाच्या आरंभापासून ठाऊक होता. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली तेव्हा, आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हैदराबाद संस्थानात काम करीत होते तेव्हाही, चित्र टिपले जाई ते बहुधा काचेच्या मोठ्या पाट्यांवर. रसायनांची संवेदनशीलता तेव्हा फार कमी होती, तरीही त्या छायाचित्रांतील किल्ल्यांचे दगड आणि दरबाऱ्यांच्या अंगरख्यांची वीण आज थक्क करते, यामागे काचेच्या पाटीचा प्रशस्त आकार हे एक मोठे कारण आहे.

मोबाईल बनवणाऱ्यांना हा मार्ग बंद होता, कारण मोठा सेन्सर घेतला की त्याला शोभेल असे लांब भिंग लागते आणि ते आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या खिशातल्या वस्तूत मावत नाही. म्हणून त्यांनी गणिताचा आधार घेतला. मोबाईलवरचे बटण दाबल्यावर एकच फोटो निघतो असे वाटते, पण प्रत्यक्षात यंत्र लागोपाठ अनेक चौकटी टिपते, हात हलल्यामुळे त्यांत पडलेला सूक्ष्म फरक शोधून त्या एकमेकींवर नेमक्या बसवते आणि त्यांची सरासरी काढून खळबळ कमी करते. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनांत ‘नाइट साइट’ ही सोय आणली तेव्हा, तिवईविना केवळ हातात धरलेल्या फोनने जवळजवळ काळोखात काढलेली चित्रे पाहून व्यावसायिक छायाचित्रकारही चकित झाले. या पद्धतीला संगणकीय छायाचित्रण म्हणतात आणि गेल्या काही दशकांतील ती या क्षेत्रातील सर्वांत मोठी झेप आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

या झेपेची मर्यादा समजून घ्यायची तर नांदेड जिल्ह्यातीलच दोन जागा पुरेशा आहेत. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरे आहेत. तेथील सिद्धेश्वर मंदिराच्या आतल्या मंद उजेडात मोबाईल भिंतीला टेकवून तीन-चार सेकंद स्थिर धरला तर खांबांवरचे कोरीव काम आश्चर्यकारक स्वच्छ उमटते, कारण दगड हलत नाही आणि सगळ्या चौकटी एकमेकींशी जुळतात. आता होळीच्या वेळी नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातून निघणारी हल्लाबोलची मिरवणूक घ्यावी, जिच्यात तळपती शस्त्रे घेतलेला जनसमुदाय आणि घोडे वेगाने धावत येतात. येथे पहिल्या आणि पाचव्या चौकटीत घोड्याचा पाय एका जागी नसतो, त्यामुळे यंत्राला एक तर चौकटी जुळवण्याचा नाद सोडावा लागतो किंवा पायांच्या जागी पुसट ठसा स्वीकारावा लागतो. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात जे घडते ते त्याच एका क्षणी भरपूर प्रकाशासह टिपायचे असेल, तर मोठा सेन्सर आणि रुंद भिंग यांना अजून पर्याय सापडलेला नाही.

भिंगाचा मुद्दा तर याहून कमी समजून घेतला जातो. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचे दृश्यक्षेत्र फुल फ्रेमवरच्या २४ मिलिमीटर भिंगाएवढे, म्हणजे बरेच रुंद असते (भिंगाचा हा आकडा म्हणजे त्याचे नाभीय अंतर; ते जितके कमी तितके दृश्य रुंद). त्याच्या चौकटीत चेहरा भरून घ्यायचा तर हातभर अंतरावर जावे लागते, आणि इतक्या जवळून पाहताना नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ असल्याने ते मोठे व गाल निमुळते दिसतात. अर्जाला लावायचा फोटो घरीच मोबाईलवर काढल्यावर तो ओळखीचा वाटत नाही अशी तक्रार अनेकजण करतात. तिचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की तो फार जवळून काढलेला असतो. स्टुडिओतला फोटोग्राफर ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग लावून सहा-सात फुटांवर उभा राहतो, म्हणून तिथे चेहऱ्याची ठेवण जशीच्या तशी येते. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या साध्या पासपोर्ट फोटोतही हा फरक डोळ्यांना जाणवतो.

लांबच्या वस्तूंच्या बाबतीत हिशेब आणखी स्पष्ट आहे. मराठवाड्याच्या शिवारांत काळविटांचे कळप दिसतात आणि ते माणसाला फार जवळ येऊ देत नाहीत. समजा काळवीट १०० मीटरवर आहे: २४ मिलिमीटरच्या भिंगाला त्या अंतरावर सुमारे १५० मीटर रुंदीचे शिवार दिसते आणि ४०० मिलिमीटरच्या भिंगाला अवघे ९ मीटर. सव्वा मीटर लांबीचे ते जनावर चार हजार ठिपके रुंदीच्या मोबाईल चित्रात तीस-पस्तीस ठिपक्यांत आटोपते, तर सहा हजार ठिपके रुंदीच्या कॅमेऱ्यात आठशेपेक्षा अधिक ठिपके व्यापते. काही मोबाईलांना पाचपट दूरचे पाहणारे वेगळे भिंग असते आणि त्याचा खरोखर उपयोग होतो, पण त्यापुढचा तीसपट किंवा शंभरपट झूम म्हणजे टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे एवढेच असते.

या सगळ्या गोष्टींची एकत्र परीक्षा होते ती लग्नात. मे महिन्यातील दुपारचा मुहूर्त, डोक्यावर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन आणि त्याखाली लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, हे मराठवाड्यातील नेहमीचे दृश्य छायाचित्रकाराच्या दृष्टीने अत्यंत कठीण असते. मांडवाच्या कापडातून गाळून आलेला प्रकाश त्या कापडाचा रंग घेऊन येतो, त्यामुळे वधूवरांच्या चेहऱ्यांवर लालसर झाक पसरते, आणि मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतर-टोपीवर मात्र त्याच वेळी कोरडे पांढरे ऊन आदळत असते. पांढरी वस्तू चित्रात पांढरीच दिसावी यासाठी रंगांचा जो तोल साधला जातो त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. मोबाईल तो स्वतः साधतो आणि एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत त्याचा अंदाज बदलतो, म्हणून एकाच साडीचा रंग लागोपाठच्या तीन फोटोंत तीन तऱ्हांचा येतो. स्वतंत्र कॅमेऱ्यात हा तोल एकदा ठरवून तसाच कायम ठेवता येतो. शिवाय कॅमेरा सेन्सरवरची कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाईल, जपून ठेवू शकतो. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर रॉ फाईलमध्ये त्या ४,०९६ किंवा १६,३८४ असतात, म्हणून घरी बसून लालसर झाक काढताना चेहरा मातकट होत नाही. काही महाग मोबाईलही आता रॉ नोंद देतात, पण ती फार थोडे लोक वापरतात.

एका बाबतीत मात्र मोबाईल नवशिक्याच्या हातातील कॅमेऱ्यावर सरळ मात करतो. उन्हातले पांढरे धोतर आणि सावलीतला सावळा चेहरा हे दोन्ही एकाच चौकटीत नीट यावेत म्हणून तो कमी-अधिक उजेडाच्या चौकटी आपोआप एकत्र करतो, तर कॅमेरा हाताळण्याची सवय नसलेल्या माणसाकडून एक तर धोतराचा पांढरा डाग होतो किंवा चेहरा काळा पडतो. अनुभवी फोटोग्राफर यावर फ्लॅशने तोडगा काढतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही अल्प काळ टिकतो, पण त्या क्षणी तो इतका प्रखर असतो की फेट्याखालची सावली भर दुपारीही उजळते आणि वधूवरांवर पडणाऱ्या अक्षता हवेतच थांबल्यासारख्या दिसतात. मोबाईलच्या मागे असतो तो साध्या बॅटरीसारखा एलईडी दिवा, आणि दहा फुटांवर उन्हाशी सामना करण्याची ताकद त्याच्यात नसते. त्या उन्हात मोबाईलचा पडदा धड दिसत नाही, कधी तापून मंदही होतो, आणि फोटो काढणाऱ्याने नक्की काय टिपले हे त्याला सावलीत गेल्यावरच कळते. कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकाला डोळा लावला की बाहेरच्या उन्हाचा संबंधच तुटतो.

लग्नातच मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडची, म्हणजे चेहऱ्यामागचे दृश्य धूसर करणाऱ्या सोयीचीही कसोटी लागते. मोठ्या सेन्सरवर रुंद छिद्राचे भिंग लावले की नेमका चेहरा स्पष्ट आणि मागचा मांडव धूसर येतो. मोबाईलमध्ये सेन्सर लहान असल्याने एफ १.८ चे छिद्रही धूसरपणाच्या दृष्टीने फुल फ्रेमवरच्या एफ ६ च्या जवळपास वागते, म्हणून माणूस कुठे संपतो आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते याचा अंदाज बांधून यंत्र मागचा भाग नंतर पुसट करते. गाल आणि खांदे यांच्या कडा त्याला चांगल्या ओळखता येतात. पण मुंडावळ्यांच्या कपाळावरून लोंबणाऱ्या बारीक मोत्यांच्या सरी, फेट्याचा झिरमिळ्या असलेला तुरा किंवा कानामागून सुटलेली केसांची बट आली की त्याचा अंदाज चुकतो. मुंडावळीची एक सर लखलखीत आणि शेजारची सर मांडवाच्या कापडात विरलेली, असे चित्र हाती येते. मोबाईलच्या पडद्यावर ते खपून जाते, अल्बममध्ये खपत नाही.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे निर्णय कोणाचा या प्रश्नाकडे, वळावे लागते आणि तो प्रकाशाच्या प्रश्नापेक्षा अधिक गंभीर आहे. मोबाईलचे चित्र हे टिपलेल्या प्रकाशाचे आणि कारखान्यात बसून केलेल्या निवडींचे मिश्रण असते. आकाश किती निळे, गवत किती हिरवे आणि कातडी किती उजळ दाखवायची हे कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेत, कुठल्याशा नमुन्यांवरून ठरलेले असते. अशा निवडींचा इतिहास जुना आहे. कोडॅकच्या रंगीत फिल्मचे छपाईयंत्र जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत गोऱ्या तरुणीचे एक नमुनाचित्र वापरले जाई, ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाते. त्या मापाने जुळवलेल्या छपाईत सावळ्या व काळ्या चेहऱ्यांचे बारकावे दशकानुदशके हरवत राहिले, आणि सुधारणेला जोर चढला तो चॉकलेट व लाकडी सामान बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर. सावळ्या रंगासाठी मुद्दाम जुळवणी केल्याचे गूगलने ‘रिअल टोन’ या नावाने जाहीर केले ते थेट २०२१ मध्ये.

आजही अनेक मोबाईलांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ करणारी ‘ब्युटी’ सोय असते आणि ती कधीकधी वापरणाऱ्याच्या नकळत चालू राहते. उमरीच्या परिसरातल्या वयस्कर बायकांच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट गोंदण असते; ही सोय गोंदणाला डाग समजते आणि सुरकुत्यांबरोबर तेही पुसट करून टाकते. उन्हातान्हात राबून रापलेला रंग दोन छटा उजळतो. आजीचा हयातीतला एकुलता एक चांगला फोटो असा निघाला, तर पुढच्या पिढीच्या हाती जे पडेल ते आजीचे रूप नसेल, आणि ही हानी भरून काढण्याचा कोणताही मार्ग नसेल, कारण मूळ नोंदच ठेवलेली नसते. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तेथे ही सोय आधी बंद करावी, हे कुठल्याही महाग खरेदीपेक्षा निकडीचे आहे.

यंत्राची मजल याच्याही पुढे गेली आहे. २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर दाखवून त्याचा फोटो सॅमसंगच्या फोनने काढला, तेव्हा मूळ चित्रात नसलेले चंद्रावरचे बारकावे फोटोत अवतरले. चंद्र ओळखून त्याचे तपशील ठळक करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते असे कंपनीने त्यावर स्पष्टीकरण दिले. शोभेच्या चित्रात याने फार काही बिघडत नसेल, पण छायाचित्राला साक्षीचे मोल असते तेथे हा प्रश्न उभा राहतोच.

आणि साक्ष देण्याचे काम आज ग्रामीण महाराष्ट्रात मोबाईलच करतो आहे, ते कोणताही महाग कॅमेरा करू शकणार नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊन पिकाची माहिती थेट सातबारावर चढते. अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली गेल्यावर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट पीक विम्यात अनेक वर्षे राहिली. चिखलात उभे राहून, त्याच यंत्रावर फोटो काढून, तेथूनच तो पाठवणे हे फक्त मोबाईलला जमते. येथे मुंडावळ्यांच्या मोत्यांचा प्रश्न नसतो; फोटो त्या दिवशी, त्या जागी निघाला याला महत्त्व असते. वाढदिवसाच्या आणि निवडीच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सलाही बारीक तपशील लागत नाहीत. दहा फुटी फ्लेक्स रस्त्यापलीकडून पाहिला जातो, म्हणून त्यावर मोबाईलचा साधा फोटोही व्यवस्थित दिसतो.

लग्नाच्या अल्बमचे तसे नाही. लग्नासाठी केल्या जाणाऱ्या ‘करिझ्मा’ प्रकारच्या अल्बमचे उघडलेले पान १२ बाय ३६ इंचांचे असते आणि ते हातात धरून पाहिले जाते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे १२ बाय ८ इंचांच्या एका फोटोला ३,६०० बाय २,४०० ठिपके हवेत. मोबाईल तेवढे देऊ शकतो. घात होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तेथे आकसून बहुधा १,६०० ठिपके लांबीचा उरतो आणि ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने तो जेमतेम सव्वापाच इंच भरतो. पाहुण्यांच्या मोबाईलमधला एखादा दुर्मीळ क्षण अल्बमला हवा असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, म्हणजे मूळ आकार शाबूत राहतो.

ज्यांना छायाचित्रण शिकायचे आहे त्यांच्यासाठी आजचा काळ एका अनपेक्षित कारणाने अनुकूल आहे. मोबाईलमुळे डिजिटल कॅमेऱ्यांचा बाजार कोसळला. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ती संख्या ८० लाखांच्या आत आली. त्यातच कंपन्यांनी आरशावर चालणारे डीएसएलआर मागे टाकून आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला, त्यामुळे उत्तम स्थितीतले जुने डीएसएलआर स्टुडिओवाल्यांकडून स्वस्तात मिळू लागले आहेत. असा कॅमेरा घेताना शटर आजवर किती वेळा उघडले आहे हे विचारून घ्यावे, कारण तो भाग झिजतो, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूमऐवजी ५० मिलिमीटरचे एफ १.८ छिद्राचे भिंग घ्यावे. ते सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असून संध्याकाळच्या घरातल्या उजेडातही माणसांचे चेहरे उत्तम टिपते. भिंग मात्र नीट सांभाळावे लागते. उन्हाळ्यातील काळ्या मातीची धूळ फडक्याने पुसण्याआधी रबरी फुग्याच्या वाऱ्याने उडवावी, नाहीतर काचेवर ओरखडे उठतात, आणि पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या भिंगाच्या आत बुरशी धरते म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. बुरशी एकदा काचेच्या लेपात शिरली की भिंग उघडून साफ करणारा कारागीर तालुक्याच्या गावात सहसा सापडत नाही.